हा हात कोणाचा? जुन्या फोटोंतून लहान मुलांना घराण्याची ओळख करून देताना

माझा भाचा पाच वर्षांचा असताना मी त्याला पहिल्यांदा घरचा जुना अल्बम घेऊन मांडीवर बसवले आणि पहिल्या पानापासून नावे सांगायला सुरुवात केली. हे पणजोबा, ही पणजी, हे पणजोबांचे धाकटे भाऊ, ही त्यांची चुलत बहीण. चौथे पान उलटेपर्यंत तो उतरून निघूनही गेला होता. काही महिन्यांनी तोच अल्बम उघडा पडलेला असताना त्याने एका फोटोच्या कडेवर बोट ठेवले आणि विचारले, “मावशी, हा हात कोणाचा?” फोटोत खुर्चीवर बसलेली चार वर्षांची एक मुलगी होती, म्हणजे माझी आई. खुर्चीच्या पाठीवर मनगटापर्यंतचा एक हात दिसत होता आणि हाताचे माणूस कात्रीने कापले गेले होते. तो फोटो मी लहानपणापासून पाहत आले होते, पण तो हात मला कधी दिसलाच नव्हता. भाचा अल्बम घेऊन थेट आजीकडे गेला. आजीने फोटो खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाली, “ताईचा हात आहे तो. खुर्चीचा एक पाय आखूड होता, मी पडेन म्हणून ती मागे धरून उभी होती. पुढे चौकट लहान मिळाली, म्हणून कडेचा भाग कापला.” त्यानंतरचा अर्धा तास त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मुलांना घराण्याची माहिती देण्याची माझी पद्धत त्या दिवसापासून बदलली. आता फोटो समोर ठेवल्यावर पहिले वाक्य मुलाचे असते आणि नावे, नाती, साल हे सगळे त्याने काहीतरी पाहिल्यावर, काहीतरी विचारल्यावर येते. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक या एका क्रमाभोवतीच फिरते.

आधी निवड

संपूर्ण अल्बम लहान मुलासमोर ठेवू नये. एका बैठकीला तीन फोटो पुष्कळ होतात, पाच म्हणजे फार. ज्यांत काहीतरी घडत आहे असे फोटो निवडावेत: कोणी पळते आहे, कोणाच्या हातात मांजर आहे, कोणी रडवेले झाले आहे, कोणाच्या एकाच पायात चप्पल आहे. तीन रांगांत उभ्या असलेल्या तीस माणसांचा फोटो मोठ्यांना मौल्यवान वाटतो, कारण त्यातला प्रत्येक चेहरा त्यांच्या ओळखीचा असतो. मुलाला तिथे फक्त गर्दी दिसते. असा फोटो दाखवायचाच असेल तर कागदाला खिडकीसारखे एक चौकोनी भोक पाडावे, तो कागद फोटोवर सरकवत न्यावा आणि एका वेळी एकच चेहरा दिसू द्यावा.

सुरुवातीला सर्वांत परिणामकारक ठरतो तो मुलाच्या रोजच्या ओळखीतल्या मोठ्या माणसाचा बालपणीचा फोटो. आजी कधीकाळी लहान होती ही गोष्ट चार वर्षांच्या मुलाला सहजासहजी पटत नाही, आणि त्या न पटण्यातूनच पहिले खरे प्रश्न निघतात. आजी समोर बसलेली असेल तर मुलाला आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग फोटोकडे आणि पुन्हा तिच्याकडे पाहू द्यावे. भुवया, कानाची पाळी, हनुवटीवरची खळी, हसताना एका बाजूला झुकणारे ओठ असे काहीतरी हमखास सापडते. ते आपण दाखवण्यापेक्षा मुलाने शोधले तर जास्त काळ टिकते.

हाताळायला मुलाला मूळ फोटो देऊ नये. त्याची प्रत काढून द्यावी, शक्य असेल तर मूळ आकाराहून मोठी. प्रतीवर बोटे उमटली, ती वाकली किंवा तिच्यावर पेन्सिलीने बाण काढले, तरी आपल्याला दर वेळी “सांभाळून” असे म्हणावे लागत नाही. ज्या फोटोभोवती सतत सूचना असतात तो फोटो मुलाला फारसा आवडत नाही.

वय पाहून

फोटोतली वस्तू ही खरी वस्तू नसून तिचे चित्र आहे, ही समज जन्मजात नसते. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांची बाळे चित्रातली वस्तू बोटांनी चाचपताना आणि उचलू पाहताना आढळली. एकोणीस महिन्यांच्या सुमारास मात्र मुले त्याच वस्तूंकडे बोट दाखवू लागली होती. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी कुटुंबाचा इतिहास म्हणजे फक्त चेहरे आणि हाका: “आजोबा कुठे आहेत?” असे विचारले की त्याने बोट ठेवायचे, एवढेच. त्यासाठी दूर राहणाऱ्या जवळच्या माणसांचे आताचे फोटो घ्यावेत, जुन्यांची घाई करू नये.

तीन ते पाच या वयात मुलाला माणसापेक्षा वस्तू आधी दिसतात, आणि तसे दिसू द्यावे. साल सांगून या वयात काहीही साधत नाही. “तुझी आई तुझ्याएवढी होती तेव्हा” हेच या वयाचे कालमापन आहे. सहा-सात वर्षांच्या पुढे क्रम कळू लागतो. कोण आधीचे, कोण नंतरचे, कोण कोणाचे मूल, याचा मुलाला छंदही लागू शकतो. नऊ-दहा वर्षांचे मूल स्वतः शोध घेऊ शकते. मोठ्यांच्या दोन सांगण्यांत तफावत आहे, हेही त्याच्या लक्षात येते आणि त्याला त्यात रस वाटतो.

वर्षे डोळ्यांना दिसावीत यासाठी मी कागदाची पट्टी वापरते. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर. सहा वर्षांच्या मुलाची पट्टी सहा सेंटिमीटरची होते, जेमतेम त्याच्या तळहाताएवढी. अडुसष्ट वर्षांच्या आजीची पट्टी जमिनीवर पसरली की मूल तिच्याशेजारी आडवे पडून मोजू लागते. मग प्रत्येक फोटो आजीच्या पट्टीवर योग्य जागी ठेवायचा: इथे आजी चार वर्षांची, इथे तुझ्या आईचा जन्म, इथे तू. मुलाची सहा सेंटिमीटरची पट्टी आजीच्या पट्टीच्या शेवटच्या सहा सेंटिमीटरलगत ठेवली की “तेव्हा मी कुठे होतो?” या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर त्याला पट्टीवर बोट ठेवून मिळते. हा प्रश्न मुले फार मनापासून विचारतात, तो हसण्यावारी नेऊ नये.

बोलणे कसे चालवावे

फोटो समोर ठेवावा आणि गप्प बसावे. मोठ्यांना हे सर्वांत जड जाते. वीस-तीस सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, पण तेवढ्या वेळात मुलाची नजर फोटोभर फिरून येते. तरीही मूल काही बोलले नाही तर “तुला काय दिसते?” असे विचारावे. “हे कोण?” या प्रश्नाने सुरुवात करू नये, कारण त्याचे उत्तर एकतर येते किंवा येत नाही, आणि येत नसेल तर मुलाला परीक्षेत बसल्यासारखे वाटते.

मुलाने जे पाहिले ते उचलून त्यात थोडी भर घालावी आणि पुन्हा त्याच्याकडे द्यावे. समजा, ते म्हणाले, “या मुलाने डोळे मिटलेत.” तर, “हो, आणि बाकी सगळे समोर बघताहेत. त्याने का मिटले असतील?” मूल म्हणेल, “झोप आली.” मग सावल्या दाखवाव्यात: “सावली कुठे पडली आहे बघ. मग सूर्य कुठे असेल?” थोड्या वेळात त्याच्याच लक्षात येते की ऊन थेट डोळ्यांवर येत होते. यानंतर सांगावे की हा डोळे मिटलेला मुलगा म्हणजे तुझा मामा. ते नाव मूल विसरत नाही, कारण तोवर त्याने त्या मुलाबरोबर उन्हात उभे राहून घेतलेले असते.

मोकळे प्रश्न विचारत, मुलाच्या उत्तरात भर घालत केलेल्या या गप्पांवर रॉबिन फिवुश आणि इलेन रीझ यांच्यासारख्या संशोधकांनी दीर्घकाळ काम केले आहे. ज्या घरांत मोठी माणसे झालेल्या गोष्टींबद्दल मुलांशी अशा तपशिलाने बोलतात, तिथली मुले पुढे स्वतःच्या आठवणी अधिक तपशिलाने सांगतात, असे त्यातून दिसून आले. फिवुश आणि त्यांचे अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील सहकारी मार्शल ड्यूक यांनी कुटुंबाच्या माहितीविषयी वीस प्रश्नांची एक यादीही तयार केली होती: आईवडील कुठे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, अशा स्वरूपाची. ज्या मुलांना अधिक उत्तरे माहीत होती ती अधिक आत्मविश्वासाची आढळली. हे वाचून काही पालक ती उत्तरे मुलांकडून पाठ करून घेऊ लागतात, पण उत्तरे पाठ असण्याला महत्त्व नाही, ती ज्या निवांत बोलण्यातून मुलापर्यंत पोचतात त्याला आहे, हे ड्यूक यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. घोकून घेतलेली वंशावळ आणि माझी ती पहिली फसलेली बैठक यांत मला फारसा फरक दिसत नाही.

बैठक मुलाचे लक्ष उडायच्या आधी थांबवावी. दहा मिनिटे चांगली गेली तर ती पुरेशी आहेत.

फोटो ही स्वतःच एक जुनी वस्तू

आजी लहान असताना जगच काळे-पांढरे होते, असे पुष्कळ मुलांना खरोखर वाटते. ही समजूत खोडून काढण्याऐवजी तिचा उपयोग करावा. कृष्णधवल फोटोतला फ्रॉक मुलाला दाखवून, तो कोणत्या रंगाचा असेल याचा अंदाज करायला लावावा, आणि फ्रॉक घालणारी व्यक्ती हयात असेल तर तिला विचारावे. उत्तर “पिवळा, आणि त्याला हिरवी किनार” असे आले की फोटोत नसलेली माहिती माणसांकडे असते, हे मुलाला न सांगता कळते. आता असे फोटो यंत्राकडून रंगवून घेता येतात, पण ते रंग अंदाजाने भरलेले असतात. म्हणून आधी त्या माणसाला विचारावे आणि रंगवलेली प्रत दाखवलीच तर ती रंगवलेली आहे हे मुलाला सांगावे.

थोड्या मोठ्या मुलाला फोटोग्राफीची गोष्ट फार आवडते. १८३८ च्या सुमारास लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. ते उमटायला काही मिनिटे लागत असल्याने चालणारी माणसे आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत आणि रस्ता ओसाड दिसतो. फक्त बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस कोपऱ्यात उरला आहे. हे चित्र दाखवून मुलाला तो माणूस शोधायला सांगावे आणि मग त्याला स्वतःला एक मिनिटभर अजिबात न हलता बसायला लावावे. जुन्या फोटोंतली माणसे एवढी ताठ का, याचे एक कारण त्याला अंगानेच समजते. मला मुलांना सांगायला आवडणारी आणखी एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात बाळ हलू नये म्हणून आई कधीकधी अंगावर कापड पांघरून बाळाला धरून बसे, आणि फोटोत बाळामागे फक्त कापडाचा ढीग दिसे. अशा फोटोत मुले आईचा हात शोधतात, आणि पुष्कळदा त्यांना तो सापडतोही.

घरात इतके थोडे फोटो का, हेही मुले विचारतात, कारण त्यांचे स्वतःचे फोटो हजारोंनी असतात. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली विक्रीला आणलेल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर फोटोंचा रोल भरलेलाच यायचा आणि तो संपला की कॅमेरा जसाच्या तसा कारखान्याकडे पाठवावा लागे. पुढे घरोघरी आलेल्या पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर सहसा चोवीस किंवा छत्तीस फोटो निघत, आणि ते कसे आले आहेत हे रोल धुऊन मिळेपर्यंत कळत नसे. एका दुपारपुरता मुलाच्या हाती कॅमेरा देऊन “आज फक्त चारच फोटो” असा नियम करावा. दुसऱ्या फोटोनंतर ते जसे विचारात पडते, तसेच तेव्हाचे लोकही पडत असत.

पालथी बाजू पाहण्याचा मान नेहमी मुलाला द्यावा. तिथे कधी स्टुडिओचा शिक्का असतो, कधी कोणाचे अक्षर, कधी जुन्या अल्बमच्या काळ्या कागदाचा चिकटलेला तुकडा. काही रंगीत फोटोंच्या पांढऱ्या कडेवर फोटो छापल्याचा महिना आणि साल असते. मात्र फोटो त्याआधी कधीतरी घेतलेला असतो, एवढे लक्षात ठेवावे. लालसर झालेला जुना रंगीत फोटो असेल तर त्याचेही कारण मुलाला सांगता येते: तीन रंगांच्या थरांतला निळसर रंग त्या काळच्या अनेक कागदांवर इतरांच्या आधी विटत जाई.

माहीत नाही, आणि सांगणे अवघड आहे

जे माहीत नाही ते “मला माहीत नाही” असे म्हणूनच सांगावे. गोष्ट रंगावी म्हणून फोटोभोवती प्रसंग रचण्याचा मोह होतो, पण फोटोला जोडून आलेली गोष्ट मन फार सहज खरी धरते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रौढ माणसांना ती बालपणी उष्ण हवेच्या फुग्यात बसली असल्याचे दाखवणारा बनावट फोटो दिला गेला, आणि काही मुलाखतींच्या अखेरीस त्यांतल्या निम्म्यांना न घडलेला तो प्रवास कमीअधिक प्रमाणात आठवू लागला होता. प्रौढांचे असे होत असेल, तर पाच वर्षांच्या मुलाला आपण गमतीने सांगितलेले त्याच्या मनात खरे म्हणूनच राहणार. अंदाज करायचाच असेल तर “असेल”, “वाटते” हे शब्द वाक्यात ठेवावेत. मुले हा फरक ओळखतात आणि लवकरच स्वतःही तसेच बोलू लागतात.

फोटोतले माणूस हयात नसेल तर ते सरळ सांगावे. “ते खूप आजारी होते आणि वारले” हे वाक्य लहान मुलाला पेलते. “ते दूर गेले” किंवा “झोपले” असे सांगितले तर ते परत कधी येणार, हा प्रश्न येतो, आणि क्वचित झोपेची भीतीही बसते. विभक्त झालेले आईवडील, दत्तक आलेले मूल, घरच्यांशी बोलणे तुटलेला काका, यांपैकी कोणाचा फोटो समोर येणार असेल तर आपण काय सांगणार आहोत ते घरातल्या मोठ्यांनी आधी आपसांत ठरवावे. एक खरे आणि छोटे वाक्य पुरते, उरलेले मूल मोठे होईल तसतसे सांगता येते. ज्या मुलाच्या वाट्याला जुने फोटो आलेच नाहीत, त्याच्यासोबत फोटोऐवजी एखादी वस्तू, एखादे अक्षर, नाहीतर कोणाच्या आठवणीवरून मुलानेच काढलेले चित्र घेऊन हेच सगळे करता येते. त्याचा कुटुंबाचा इतिहास तेवढ्याने कमी ठरत नाही.

मूळ फोटो जपताना

याविषयी थोडक्यात. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, फोटो कडांना धरूनच उचलावा. मागे लिहायचे झाले तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेजवळ आणि हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनच्या रेघा पुढच्या बाजूला उमटतात आणि शाई पसरते. चिकट पानांवर प्लास्टिक चढवलेल्या अल्बममध्ये फोटो ठेवू नयेत, कारण तो गोंद कालांतराने फोटोला धरून बसतो. तसे अल्बम घरात असतीलच तर पान ओढून फोटो सोडवू नये, आधी आहे तसाच स्कॅन करून घ्यावा. लहान प्रती सहाशे डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला सहाशे ठिपके) स्कॅन केल्या तर पुढे मोठ्या करून छापता येतात. मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवावेत. फोटोच्या तुकड्यांना चिकटपट्टी कधीही लावू नये.

ज्या फोटोंतली माणसे कोणालाच ओळखता आली नाहीत, त्यांच्या प्रतींचे एक वेगळे पाकीट करून ते मुलाच्या ताब्यात द्यावे. प्रत्येक प्रतीसोबत एक चिठ्ठी असावी आणि तिच्यावर मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहावा. लिहिता येत नसेल तर ते सांगेल तसा आपण लिहून घ्यावा, खाली तारीख घालावी. घरी कोणी वयस्कर नातेवाईक आले की हे पाकीट मुलाने स्वतः पुढे करायचे आणि आपण मध्ये बोलायचे नाही. मिळालेले उत्तर आणि ते कोणी दिले, हे त्याच चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. दोघांची उत्तरे वेगळी आली तर दोन्ही ठेवायची. माझ्या भाच्याच्या पाकिटात सध्या सात फोटो आहेत. त्यांतल्या एकात दारात उभा असलेला एक उंच माणूस आहे आणि चिठ्ठीवर लिहिले आहे, “याने कोणाची छत्री धरली आहे? ती त्याची नाही. ती फार लहान आहे.”